हेडलाइटचा उजेड वाटेत कुठे हरवतो?

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की धाराशिव जिल्ह्यातल्या रात्रीच्या रस्त्यांचा नूर बदलतो. ढोकी, रांजणी, केशेगाव, मुरूम अशा कारखान्यांच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागचा दिवा बहुधा नसतोच आणि रिफ्लेक्टर असला तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकला जातो. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जाणारा महामार्ग आता चौपदरी झाला असला, तरी कळंब, भूम, परंडा, वाशी, लोहारा या तालुक्यांतले आतले रस्ते अजून अरुंद आहेत. कडेची पांढरी रेघ पुसलेली, साइडपट्टी खचलेली, मध्येच एखादे जनावर उभे. अशा रस्त्यावर रोज रात्री गाडी चालवणारा माणूस म्हणतो, "गाडीला फोकसच नाही." ही तक्रार खरी आहे, आणि ती हौसेची नाही.

मग तो बाजारात जातो. तिथे त्याला चार गोष्टी दाखवल्या जातात: जास्त वॉटचा 'नव्वद-शंभर'चा हॅलोजन बल्ब, एचआयडी म्हणजे झेनॉन दिव्याचे किट, एलईडी बल्ब, आणि बंपरवर किंवा टपावर लावायची एलईडी पट्टी. चारही गोष्टी तासाभरात बसवून मिळतात. पण जुना दिवा कमी का पडत होता, हे त्या तासाभरात सहसा कोणी मोजून पाहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पाच-सात वर्षे वापरलेल्या बहुतेक गाड्यांत बल्ब कमजोर नसतो. उजेड वाटेत हरवतो. थोडा वायरीत, थोडा काचेवर, थोडा चुकीच्या कोनात. ही गळती तशीच ठेवून वरून जास्त ताकदीचा बल्ब लावला की धोका सुरू होतो.

आधी वायरीचे पाहू. आपल्याकडच्या मोटारींत वर्षानुवर्षे चालत आलेला एच-फोर हा बल्ब डिपरला ५५ वॉट आणि अप्परला ६० वॉट घेतो. १३.२ व्होल्टवर त्याने डिपरला साधारण १००० आणि अप्परला १६५० ल्युमेन उजेड द्यावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. कळीचा भाग तो व्होल्टचा आहे. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कोसळतो. १३.२ च्या जागी १२ व्होल्ट पोचले तर उजेड पाऊण हिश्श्याच्याही खाली येतो, आणि साडेअकरा पोचले तर एक तृतीयांशाहून जास्त उजेड गेलेला असतो. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बोअरच्या मोटारीला लांबवरून बारीक केबल ओढली तर डीपीवर दाब बरोबर दिसतो, पण मोटार नुसती घुमते आणि पाणी चढत नाही. तोच प्रकार इथे आहे.

गाडीत ही लांब केबल कुठून येते? अनेक जुन्या आणि स्वस्त गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून फ्यूजबॉक्समध्ये, तिथून स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये आणि मग परत पुढे दिव्यापर्यंत असा फिरून जातो. वाटेत कपलर, स्विचचे पॉइंट, बल्बचा होल्डर आणि शेवटी बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर. अर्थिंगच्या त्या एका बोल्टखाली गंज चढला तरी अर्धा व्होल्ट तिथेच खपतो. हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, दिवे चालू, होल्डर बल्बला लावलेलाच. आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग होल्डरच्या मागून, बल्बच्या पिनांशी. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर उजेड वायरीत जळतो आहे. एक-दीड व्होल्टचा फरक दिसला, तर बल्ब बदलायचा विचार आधी बाजूला ठेवावा.

आता याच वायरीवर नव्वद-शंभरचा बल्ब चढवल्यावर काय होते ते पाहा. साठ वॉटचे दोन बल्ब अप्परला दहा अँपिअरच्या आसपास करंट ओढतात. शंभरचे दोन सोळा-सतरा अँपिअर ओढतात. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट पावणेदोन पटीच्या आत वाढला तरी वायर, स्विच आणि होल्डर यांतली उष्णता जवळपास पावणेतीन पट होते. शिवाय करंट वाढला की वाटेतला व्होल्टेजचा घाटाही वाढतो, म्हणून शंभर वॉटचा बल्ब शंभर वॉटचा उजेड देतच नाही. पैसे बल्बचे गेले, आणि त्यातला बराच भाग वायर तापवण्यात गेला.

सगळ्यात आधी होल्डर सांगतो. एच-फोरचा तीन पिनांचा प्लास्टिकचा होल्डर ओढून काढला की बिघाड डोळ्यांना दिसतो. चांगला होल्डर एकरंगी असतो. तापलेल्या होल्डरचा एका पिनेभोवतीचा भाग आधी तपकिरी होतो, मग फुगतो, मग आतली पितळी पट्टी ढिली पडते. ढिली पट्टी पिनेला नीट दाबून बसत नाही, म्हणून तिथला रोध वाढतो, रोध वाढला की ती आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. वायर होल्डरमध्ये शिरते तिथले इन्सुलेशन कडक झालेले असते, बोटाने वाकवले की तडकते. त्या तडकलेल्या जागेपासून बॉडीचा पत्रा कधीकधी बोटभर अंतरावर असतो. दिवा अधूनमधून मिचमिचतो, मालक वरून एक थाप मारतो, दिवा लागतो, आणि गाडी आणखी दोन महिने तशीच धावते. गाडीने दिलेली ती शेवटची सूचना असते.

त्यातच कोणीतरी फ्यूज बदलतो. पंधराचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून तीसचा टाकला, किंवा वायरीची एक तार गुंडाळून काम भागवले, हे तालुक्याच्या ठिकाणीही सर्रास दिसते. फ्यूज बल्ब वाचवण्यासाठी असतो ही समजूत फार खोल रुजलेली आहे. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. जी वायर पंधरा-वीस अँपिअर सुखाने नेते तिच्यावर तीसचा फ्यूज बसवला, म्हणजे शॉर्ट झाल्यावर आधी फ्यूज जळायचा तो आता आधी वायर जळते. आणि वायर एकटी कधीच जळत नाही, कारण ती वीस-तीस वायरींच्या भेंडोळ्यात, डॅशबोर्डच्या मागे किंवा इंजिनशेजारी असते.

गॅरेजवाल्यांना सरसकट दोष देणे मला मान्य नाही. जिल्ह्यात असे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत की ज्यांना गाडीच्या आवाजावरून डायनॅमो की बॅटरी ते कळते. पण गिऱ्हाईक घाईत असते आणि भाव ठरलेला असतो, मग वायर सोलून पिळ्याची गाठ मारायची आणि काळी टेप गुंडाळायची, एवढ्यावर काम उरकते. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि बॉनेटखाली तर त्याहून किती जास्त. टेपचा चिकटा वितळतो, टेप सुटते, पिळा उघडा पडतो. पावसाळ्यात तिथेच हिरवा गंज चढतो. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात, तो धोका वेगळाच.

यावरचा खरा उपाय जुना आहे, स्वस्त आहे आणि त्याला कोणी जाहिरातीत मिरवत नाही. तो म्हणजे रिले. रिले असलेल्या जोडणीत दिव्याचा मोठा करंट स्विचमधून जातच नाही. स्विच फक्त रिलेच्या छोट्या कॉइलला इशारा देतो, त्याला पाव अँपिअरही लागत नाही. कॉइल आतला पॉइंट ओढते आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत आखूड, जाड वायरीतून करंट थेट जातो. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात: ८५ आणि ८६ हे कॉइलचे, ३० बॅटरीकडचा, ८७ दिव्याकडचा. अडीच चौरस मिलिमीटरची वायर, सिरॅमिकचे होल्डर, दिव्याजवळ नवी स्वच्छ अर्थिंग आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. डाव्या-उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज असतील तर उत्तम, म्हणजे घाटात एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. जोड पिळून नकोत; क्रिंप केलेली थिंबल आणि वर हीट-श्रिंक नळी हवी. अशी तयार वायरिंग किट हजाराच्या आसपास मिळते. बाराच्या जागी बल्बला १३.२ व्होल्ट पोचले तर तोच ५५-६० चा, कंपनीने दिलेला बल्ब चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त उजेड देतो. बल्ब बदलला नाही, कायदा मोडला नाही, समोरच्याच्या डोळ्यांत काही गेले नाही. बल्बचे आयुष्य मात्र बरेच कमी होते, कारण व्होल्टेज चढते तसा फिलामेंट लवकर झिजतो. ती किंमत देण्यासारखी आहे.

रिले बसवतानाही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काही जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. तिथे साधी किट लावली तर अप्परचा निळा इंडिकेटर भलतेच वागतो किंवा अप्पर-डिपर उलटसुलट होते. आणि गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत दिवे संगणकीय मॉड्यूलमधून चालतात. ते मॉड्यूल करंट मोजते, कमी-जास्त वाटला की दिवा बंद करते किंवा डॅशबोर्डवर चूक दाखवते. अशा गाडीत बाहेरचा माणूस वायर कापून जोड देतो तेव्हा दोनशे रुपयांच्या बल्बपायी महागडे मॉड्यूल पणाला लागते, आणि वॉरंटीही. नवीन गाडीच्या मालकाने इथे हात न घालणेच शहाणपणाचे.

आता बल्ब आणि काच यांच्याकडे वळू. एच-फोरच्या आत दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, तिच्यामुळे त्याचा उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून उजेडाची वरची कड उजवीकडे आडवी राहते आणि डावीकडे वर चढते, म्हणजे कडेने चालणारा दिसावा आणि समोरून येणाऱ्याचे डोळे वाचावेत. ही सगळी रचना काही मिलिमीटर लांबीच्या फिलामेंटच्या जागेवर उभी आहे. ती जागा मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकली तरी रिफ्लेक्टर उजेड भलतीकडे फेकतो.

एचआयडी किटचा दोष इथेच आहे. १९९१ साली बीएमडब्ल्यूने हा झेनॉन दिवा मोठ्या मोटारीत आणला, तेव्हा त्यासाठी वेगळा रिफ्लेक्टर किंवा भिंग होते. पस्तीस वॉटमध्ये तीन हजारांहून जास्त ल्युमेन देणारा तो दिवा म्हणूनच कामाचा ठरला. तीच नळी एच-फोरच्या घरात घातली की उजेड चहूकडे उधळतो. शिवाय त्याच्या बॅलास्टमधून सुरुवातीच्या ठिणगीसाठी वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब निघतो. त्याची वायर तडकली, ओली झाली तर तो दाब कुठे उतरेल याचा नेम नाही. ब्रिटनने २०२१ पासून हॅलोजनच्या घरात एचआयडी बसवलेल्या मोटारी वार्षिक तपासणीत नापास करायला सुरुवात केली.

एलईडीच्या बाबतीत न्यायाने बोलायला हवे. पंचवीस-तीस वॉटचा एलईडी बल्ब हॅलोजनपेक्षा कमी करंट घेतो, म्हणजे मूळ वायरीवरचा भार उलट घटतो. वायर तापण्याचा धोका इथे कमी आहे. त्रास दुसरीकडे आहे. त्याची उष्णता पुढे उजेडाबरोबर जात नाही, मागे बुडाशी साठते, म्हणून मागे पंखा किंवा तांब्याची जाळी असते. ती मावत नाही म्हणून दिव्यामागचा रबरी बूट कापला जातो, मग त्यातून धूळ आणि पाणी आत जाते आणि रिफ्लेक्टरचा मुलामा वर्षभरात काळवंडतो. पंखा बंद पडला की चिप मरते. आणि स्वस्त बल्बांत चिप फिलामेंटच्या जागी नसतेच. खोक्यावर 'वीस हजार ल्युमेन' लिहिलेले असते. आजचा चांगला एलईडी एका वॉटला शंभरच्या आसपास ल्युमेन देतो हे धरले, तर तेवढ्या उजेडाला दोनशे वॉट लागतील. तो आकडा खोटा आहे हे मोजायला वहीची मागची बाजू पुरते. जर्मनीने २०२० साली एका कंपनीच्या एलईडी बल्बला परवानगी दिली, पण ती ठराविक मोटारींच्या ठराविक दिव्यांत तपासून. बल्ब आणि दिव्याची जोडी तपासायची असते, एकटा बल्ब तपासून काही कळत नाही, हे त्यांनी धरून ठेवले.

रंगाचाही प्रश्न आहे. निळसर पांढरा उजेड कोरड्या रस्त्यावर भारी वाटतो. पण येडशीच्या रामलिंग घाटात पावसाची झिमझिम सुरू झाली, ओले डांबर काळे झाले की तोच उजेड थेंबांवर आपटून परत येतो आणि रस्ता गिळून टाकतो. हॅलोजनचा पिवळसर उजेड तिथे बरा पडतो, हे रात्रीचे ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

एलईडी पट्टी हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण तिला कड नाहीच. ट्रॅक्टरला शेतात नांगरताना ती उपयोगी आहे, मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. रस्त्यावर आल्यावर ती बंद झाली पाहिजे. वायरिंगच्या दृष्टीनेही आगीचे मूळ इथे सापडू शकते: बॅटरीवरून थेट, फ्यूजशिवाय ओढलेली वायर, पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट न बसवता नेलेली. गाडीच्या हादऱ्याने पत्रा इन्सुलेशन कापतो, आणि शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. त्या वायरीला थांबवणारे मध्ये काही नसते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ तर अंतरे देऊन सांगतो: दिव्यापासून आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झळाळी लागता कामा नये. दीड मीटर म्हणजे मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे. मागे पत्नी, पुढे टाकीवर पोर घेऊन बार्शी नाहीतर लातूर रस्त्याने येणाऱ्या माणसाचे ते डोळे आहेत. गाडी पेटली आणि विमा कंपनीच्या सर्वेअरला बाहेरची वायरिंग दिसली, तर दावा अडवायला त्याला आयते कारण मिळते, हेही लक्षात ठेवावे.

झळाळीनंतर डोळे सावरायला काही सेकंद जातात, पन्नाशी ओलांडलेल्यांना जास्त. ताशी ऐंशीच्या वेगाला एका सेकंदात गाडी बावीस मीटर जाते. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून आणि सीमेपलीकडून हजारो भाविक रात्रभर पायी तुळजापूरला येतात. प्रशासन त्या काळात अवजड वाहतूक वळवते, पण आतल्या रस्त्यांनी येणाऱ्या पालख्यांना आणि वाडीवस्तीवरून निघालेल्या जथ्यांना ते कवच नसते. अशा वेळी एका गाडीचा उजेड दुसऱ्या गाडीला आंधळे करतो, आणि त्या दुसऱ्या गाडीसमोर माणसे चालत असतात.

जास्त उजेडाने नजर किती लांब जाते, याचाही हिशोब मांडू. अंतर दुप्पट हवे तर उजेड चौपट लागतो. साठचा बल्ब शंभर केला आणि एकही व्होल्ट वाया गेला नाही असे धरले, तरी दिसण्याचे अंतर तीस टक्क्यांहून कमीच वाढते. डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडे क्वचितच दिसतो, आणि ऐंशीच्या वेगातली गाडी थांबायला, दचकून ब्रेकवर पाय जाण्याचा वेळ धरून, पासष्ट-सत्तर मीटर लागतात. आतल्या रस्त्यावर डिपरमध्ये ऐंशीने जाणारा माणूस न दिसणाऱ्या जागेत गाडी घालतो, मग बल्ब कोणताही असो. साठीच्या आत आले की हिशोब जुळतो.

म्हणून क्रम असा असावा. काच आतून-बाहेरून पाहा. पिवळी पडलेली प्लास्टिकची काच पॉलिश केली तरी खूप फरक पडतो. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर दिवाच बदला. मग कोन. सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, डिपर लावा. उजेडाची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. मागे पोती किंवा माणसे भरली की गाडीचे नाक वर उचलले जाते, म्हणून डॅशबोर्डवरचे लेव्हलिंगचे चाक असेल तर ते फिरवायचे, ते शोभेला दिलेले नाही. त्यानंतर व्होल्टेज मोजा, अर्थिंग घासा, होल्डर बदला, जुनी गाडी असेल तर रिले लावा. या सगळ्यानंतरही उजेड कमीच वाटला, तर त्याच वॉटचा, नामांकित कंपनीचा जरा चढ्या प्रतीचा हॅलोजन बल्ब घ्यावा. माझ्या मते त्यापुढे जायची गरज खाजगी मोटारीला पडत नाही.

दर सहा महिन्यांनी-वर्षाने आपण सगळे पीयूसी काढतो, धूर मोजून घेतो. दिव्याचा कोन मात्र खाजगी गाडीची पहिली पंधरा वर्षे कोणी मोजतच नाही. ते नशीब फक्त फिटनेसला जाणाऱ्या व्यावसायिक वाहनांच्या वाट्याला येते. पीयूसीच्या टपरीवरच भिंतीवर एक रेघ ओढून डिपर तपासायची सक्ती केली, तर खर्च नगण्य आहे.

आणि दिसण्याचा सगळा भार दिव्यावर टाकणेही बरोबर नाही. कडेला स्वच्छ पांढरी रेघ असेल, वळणावर चमकणारे खांब असतील, तर साध्या पंचावन्न वॉटच्या उजेडात रस्ता लांबवर उमगतो. ते काम बांधकाम विभागाचे आणि जिल्हा परिषदेचे आहे. उसाच्या ट्रॉलीचे काम मात्र कारखान्यांना आजही करता येईल. मोटार वाहन विभाग हंगामात रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा काढतो, पण रस्त्यावर उभे राहून किती ट्रॉल्या गाठणार? प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच, भरलेली एकदा आणि रिकामी एकदा. रिकामी परतताना काट्यावरच मागच्या फाळक्यावर आणि दोन्ही बाजूंना लाल-पांढरी चमकती पट्टी चिकटवावी, आणि पुढच्या खेपेला ती पट्टी उसाखाली झाकलेली दिसली तर काटा करण्याआधी ऊस छाटून घ्यावा.